थप्पीतली जागा

फोटोत नुसती पोती होती. पाच थर, भिंतीला घट्ट चिकटून, आणि सगळ्यात वर, पोत्यांच्या पाठीमागे, पॉलिश केलेल्या फळीची कड बोटभर दिसत होती. ती फळी माझी होती. म्हणजे मी आखलेली, मी बसवलेली, जूनमध्ये बिजागऱ्यांना स्वतःच्या हाताने तेल घालून तीनदा उघडून-मिटून दाखवलेली. फोटोखाली निकिताने एकच ओळ लिहिली होती, ‘ताई, टेबल थप्पीच्या मागं हाय.’ तक्रार नाही, राग नाही; मांजर पलंगाखाली आहे असं सांगावं तसं. मी त्या वेळी वाशीममध्ये, रूपाताई म्हणून एक शिकवणी घेणाऱ्या बाई आहेत, त्यांच्या खोलीत भिंतीवर खडूने रेषा मारत होते आणि माझ्या नेहमीच्या थाटात त्यांना सांगत होते की खोली लहान नसते, खोलीला विचारायची पद्धत चुकते. वाक्य अर्धवट राहिलं. रूपाताई म्हणाल्या, "काय झालं वं?" मी म्हटलं, काही नाही, आणि खडू तसाच कुर्त्याच्या खिशात टाकला. खिसा पांढरा झाला होता, ते संध्याकाळी घरी गेल्यावर लक्षात आलं.

मी मापात चुकत नाही. हे वाक्य मी बोलते तेव्हा लोकांना तोरा वाटतो, आणि थोडा असतोही. पण तो कमावलेला आहे. वाशीमच्या लाखाळ्यातल्या दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं वाढलो. जागा कमी पडणं म्हणजे काय हे मला अमरावतीच्या इंटिरियर डिझाइनच्या डिप्लोमाने शिकवायची गरज नव्हती. तिथे आम्हाला ज्या स्वयंपाकघरांचे नकाशे काढायला लावायचे त्यात आमचं अख्खं घर मावलं असतं आणि वर पाहुण्यांना निजायला जागा उरली असती. मी ते नकाशे निमूटपणे काढले, पहिल्या तिघांत आले आणि परत वाशीमला आले. मग टाळेबंदी लागली. पुण्या-मुंबईची पोरं लॅपटॉप घेऊन गावोगाव परतली आणि पलंगावर, शिलाई मशीनवर, पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून काम करायला लागली. टाळेबंदी उठली तरी त्यातली बरीच राहिली. त्यांना टेबल हवं होतं आणि टेबल ठेवायला जागा नव्हती. मी तिथे शिरले. माझी रीत साधी आहे. मी आधी कागदावर काढतच नाही. जमिनीवर आणि भिंतीवर खडूने खऱ्या मापाची आकृती काढते आणि घरच्यांना सांगते, दोन दिवस हे टेबल इथे आहे असं समजून वागा. दोन दिवसांत खडू जिथे पुसला जातो तिथे टेबल नको, हे मग मला कुणी सांगावं लागत नाही. आणि त्याच्याही आधी मी एक प्रश्न विचारते. बाकीचे लोक लांबी-रुंदी विचारतात, बटण कुठे, खिडकी कुठे ते विचारतात. माझ्या फॉर्मवर पहिला प्रश्न असतो, बसल्यावर पाय लांबतात का? ज्याला पाय लांब करता येत नाहीत तो तिसऱ्या दिवशी कामावर चिडतो आणि पंधराव्या दिवशी घरच्यांवर. हा प्रश्न डिप्लोमात नव्हता, मोबाइलवरच्या कुठल्या व्हिडिओतही नाही. तो माझा आहे. अकोल्याच्या एका फर्निचरवाल्याने तो उचलला तेव्हा मी त्याला फोन करून झापलं होतं.

रूपाताईंच्या दाराबाहेर येऊन मी निकिताला फोन लावला. निकिता आसेगावची, शालिग्रामभाऊंची एकुलती एक मुलगी, चोवीस वर्षांची. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती दवाखान्यांचे कागद वाचते आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला क्रमांक देते. दोन वर्षं पुण्यात चौघींच्या खोलीत काढली, मग कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली तेव्हा पहिल्या एसटीने घरी आली. कंपनीची अट एकच होती. कागद रोग्यांचे असतात, म्हणून पडदा दुसऱ्या कुणाला दिसता कामा नये आणि मागून कुणाची ये-जा नको. पुढच्या खोलीचा कोपरा मी त्यासाठीच निवडला होता.

"थप्पी कवा लावली?" मी विचारलं.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. सोयबीन निंघालं नं, ताई. भाव नाई म्हणून बाबा म्हणे, राहू दे घरातच."

"मंग तू बसून कुठी राह्यली?"

"मधल्या खोलीत, पलंगावर. काल मीटिंग चालू होती आन माय मागून चाळणी घेऊन गेली. साहेबानं पाह्यलं. उद्या चार वाजता व्हिडिओवर जागा दाखवाची हाय. नाई पटली तं एक तारखेपासून पुण्याले हजर व्हा म्हणे."

"जाशील?"

"नाई जात मी. चौघींच्या खोलीत आता नाई होत. आन काम सोडून घरी बसली, तं दिवाळी झाली का पोरगं पाहाले सुरुवात करतीन. मले काम करून ह्याच घरात राहाचं हाय, ताई. तुमच्या टेबलाच्या भरवश्यावर मी बाबाले सांगतलं होतं, का जमते म्हणून."

मी म्हटलं, उद्या सकाळी येते, आणि रिक्षा न करता पायीच निघाले. टेबल अडलं याचं वाईट वाटत होतं, पण आत जे टोचत होतं ते वेगळंच होतं. जूनमध्ये मी त्या खोलीत दोन दिवस खडूची आकृती ठेवली होती. पेरणीचे दिवस होते. खोली रिकामी, कोपऱ्यात बियाण्याच्या दोन-तीन बॅगा, फरशीवर खिडकीतून पडलेला उन्हाचा चौकोन. मी फूटपट्टी लावली, पायांची जागा पाहिली, उजेड कोणत्या हाताला पडतो ते पाहिलं, पंख्याचा वारा कागद उडवतो का तेही पाहिलं. खोलीला मी सगळं विचारलं, फक्त दसऱ्यानंतर तू कशी असतेस एवढं विचारलं नाही. पुण्याच्या कुणी ही चूक केली असती तर मी आठवडाभर हसले असते. पुण्यातल्या खोल्यांना महिने नसतात. आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं की सोयाबीन निघालं की पुढची खोली मालाची, आणि माणसांनी तिरपं होऊन चालायचं. ते मीही पाहत वाढले. आणि मी तर सगळ्यांत आधी विचारायला हवं होतं, कारण माझे बाबा, देवमन, वाशीमच्या मार्केटात तीस वर्षं हमाल होते. ज्या माणसाने आयुष्यभर थप्प्या लावल्या त्याच्या मुलीला थप्पी आठवली नाही. रस्त्यात एका पानाच्या दुकानापाशी मी उभी राहिले आणि मला स्वतःचाच इतका राग आला की दुकानदाराने काय पाहिजे म्हणून दोनदा विचारलं.

विसरणं आपोआप होत नाही, निदान माझ्या बाबतीत तरी झालं नव्हतं. अमरावतीला पहिल्याच दिवशी एका अर्जावर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता आणि मी लिहिलं, धान्य बाजार. मैत्रिणींनी त्याचा अर्थ लावला, अडत दुकान. मी दुरुस्त केलं नाही. खोटं मी बोलले नव्हते, पण त्यांना तसं समजू दिलं, आणि त्यात खोटं बोलण्यापेक्षा जास्त मेहनत लागते. एकीने तर चांगली तूर डाळ आण म्हणून सांगितलं आणि मी ती आणूनही दिली, किराणा दुकानातून घेऊन. एका सरांनी विचारलं होतं, अभ्यासाला तुझी स्वतःची जागा होती का लहानपणी? मी म्हटलं, लायब्ररीत बसायचे. लायब्ररी कसली. शाळा सकाळची असायची, आई कामावर, घराला कुलूप. मी बाबांचा डबा घेऊन मार्केटात जायची आणि चार वाजेपर्यंत तिथेच राहायची. दोन थप्प्यांच्या मध्ये एक फट असायची, माझ्याएवढी. तिच्यात शिरलं की लिलावाचा आरडाओरडा, बैलगाड्या, काट्यावरची भांडणं, सगळं एकदम दूर जायचं. तागाचा वास यायचा. वरून उजेडाची एक पट्टी पडायची आणि ती वहीवरून सरकत सरकत गेली की समजायचं, किती वाजले. माझी गणितं तिथे झाली, पाढे तिथे झाले, दहावीचा अर्धा भूगोल तिथे झाला. मधूनच बाबा यायचे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, फटीच्या तोंडाशी तिरपे होऊन आत डोकावायचे आणि काहीतरी विचारायचे. काय विचारायचे ते आता आठवत नाही. भूक लागली का, नाहीतर झालं का, असंच काहीतरी. मी वहीतून डोकं वर न काढता मान हलवायची आणि ते निघून जायचे.

आणि जूनमधली ती सकाळ. मी टेप, खडू, ओळंबा पिशवीत भरत होते. बाबा ओट्यावर चहा पीत होते. म्हणाले, "मी येऊ का वं सोबत? घर पाह्यलं असतं." मी पिशवीची चेन लावता लावता म्हटलं, "तुमचं काय काम बाबा तिथं? मापं घ्याची हायत." त्यांनी मान हलवली आणि चहा संपवला. त्यात भांडण नव्हतं, रुसवा नव्हता, म्हणून मला ते तेव्हा लागलं नाही. ते आले असते तर दारातच उभे राहून त्यांनी पहिलं विचारलं असतं, माल कुठी ठेवता? एवढंच. बाकी सगळं मला येत होतं.

घरी पोचले तेव्हा ते ओट्यावर तुराट्यांचा खराटा बांधत बसले होते. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हातभर लांब धरला, मग चष्मा कपाळावर चढवून जवळ आणला.

"कोनं लावली ही थप्पी?"

"घरच्याइनंच."

"तोंडं बाहेर ठेवली कट्ट्याइची. शिलाई उसवली का दाना खाली." मग आणखी जवळ. "आन भिंतीले चिकटवला माल. भिंत वल पिते, मालाले देते." ते बराच वेळ पाहत राहिले. "तुयं टेबल कुठी हाय ह्याच्यात?"

मी बोटभर कडेवर बोट ठेवलं. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"बाबा, उद्या चालता का माझ्यासंगं आसेगावले?"

"माझं काय काम तिथं?"

ते टोमण्याने बोलले नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच ते वाक्य जूनपासून फिरून माझ्याच तोंडावर आलं. मला येत नाही, असं मी कुणाला म्हणत नाही. गिऱ्हाइकाला तर नाहीच, घरात तर त्याहून नाही. माझ्या धंद्यात ते म्हणायचं नसतं. मी ओट्याच्या पायरीवर बसले आणि म्हटलं, "मले थप्पी लावता येत नाई."

आई आतून म्हणाली, "त्याइच्या कमरेनं पान्याची बालटी उचलनं होत नाई, आन कट्टे कायचे उचलतीन."

"उचलतो कोन," बाबा म्हणाले, "सांगन फक्त," आणि खराटा बाजूला ठेवून आत गेले. थोड्या वेळाने पाहिलं तर पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून त्यातून काहीतरी काढत होते. जुन्या टॉवेलात गुंडाळलेला त्यांचा लोखंडी हूक होता, पोतं ओढायचा. मार्केट सोडल्यापासून सहा वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता.

सकाळच्या जीपमध्ये मी खिडकीशी बसले आणि बाबा माझ्या शेजारी, पिशवी मांडीवर घेऊन. मी म्हटलं, हूक कशाला आणला, पोत्यांना भोकं पडतील. म्हणाले, "लावाचा नाई. जवळ असला का बरं वाटते." बाहेर सोयाबीन निघून गेलेली काळी रानं, कडेकडेने हिरवी तूर, शेतात कुठे कुठे मळणीच्या भुसाचे ढीग. मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांना घेऊन कामावर चालले होते, आणि सारखं वाटत होतं की तिथे गेल्यावर कुणीतरी तो अमरावतीचा अर्ज माझ्यापुढे धरणार. मी मनात वाक्यं तयार करत होते. हे माझे वडील, यांना अनुभव आहे. हे माझे वडील, धान्याच्या साठवणीतले जाणकार. मग मला त्या वाक्यांचाच कंटाळा आला. गाडी थांबली तेव्हा बाबा माझ्याआधी उतरले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले, ताठ व्हायला वेळ लागतो म्हणून.

शालिग्रामभाऊ दारातच होते. उंच, शांत माणूस, बोलताना डोक्यावरची टोपी सारखी करतो. "या ताई," म्हणाले, आणि बाबांकडे पाहिलं. "हे?"

"माझे बाबा," मी म्हटलं. "वाशीमच्या मार्केटात हमाल होते. तीस वर्षं."

वाक्य एवढंसं होतं. मी त्याला इतकी वर्षं किती मोठं समजत होते. शालिग्रामभाऊ म्हणाले, "हो का? बसा नं मंग, उभे काहून?" आणि विजयमालाबाई, निकिताची आई, पाणी घेऊन आल्या. एवढ्यावर ते संपलं.

थप्पीवर मात्र ते अडले. "थप्पी नाई हलवाची, ताई. राग मानू नका. माल पयला. भाव आला का माल जाईन, मंग बसन पोरगी आपल्या टेबलावर. तवरोक समाजमंदिरात बस म्हनलं तिले." निकिता दाराशी उभी होती, लॅपटॉप छातीशी धरून. मी माझं भाषण सुरू केलं. घरातल्या मुलीची नोकरी, रोग्यांची माहिती, चार वाजताची तपासणी. भाषण चांगलं होतं. इतरांच्या घरी ते चाललंही आहे. पण बोलता बोलता मलाच जाणवत होतं की समोरचा माणूस चुकीचं बोलत नाही. घराचं अख्खं वर्ष त्या पोत्यांत होतं, आणि मी त्याला जागेचं महत्त्व सांगत होते. त्याला जागेचं महत्त्व माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, म्हणूनच त्याने भिंतीला चिकटवून एक बोटही वाया घालवलं नव्हतं. मी बोलायची थांबले.

बाबा वादात पडलेच नाहीत. ते उठून थप्पीपाशी गेले, पोतं आणि भिंत यांच्यामध्ये हात रेटत घातला, कोपरापर्यंत, आणि डोळे मिटून उभे राहिले. डॉक्टर नाडी पाहतो तेवढा वेळ गेला असेल. मग हात काढून म्हणाले, "भाऊ, तुमी पाहा बरं."

शालिग्रामभाऊंनी हात घातला. काढला. बोटांचा वास घेतला. टोपी सारखी केली. "गरम लागून राह्यलं."

"अजून आठ दिवस असंच राह्यलं तं बुरशी धरन. मागं वीतभर हवा पाह्यजे." बाबा भिंतीकडे पाहत बोलत होते, माझ्याकडे नाही, निकिताकडे नाही. "मी तं म्हन्तो, वीतभर काहून? पाचाचे आठ थर करा आन ह्या अंगानं तीन फूट सोडा. हवा बी खेळन, पोरगी बी बसन."

शालिग्रामभाऊंनी थप्पीकडे पाहिलं, मग निकिताकडे. मग दाराबाहेर जाऊन शेजारच्या किशनला हाक मारली.

आम्ही चौघं होतो, शालिग्रामभाऊ, किशन, निकिता आणि मी. बाबा उंबऱ्याजवळ उलट्या घमेल्यावर बसून सांगत होते. खाली आधी लाकडाच्या पट्ट्या टाकायच्या, जमीन ओल देते. पहिला थर लांबीने, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा लांबीने, म्हणजे एक पोतं दुसऱ्याला धरून ठेवतं. तोंडं सगळी आत. हूक लावायचा नाही, कोपरे धरायचे. मी दोन्ही हातांनी कोपरा धरला की नखं दुखायची, आणि तीस वर्षं ह्या माणसाने हे केलं, असा विचार यायचा, आणि मग विचार बंद करून पुढचा कोपरा धरावा लागायचा. मधली जागा मी खडूने फरशीवर आखली, चार फूट बाय तीन, माझ्या रीतीप्रमाणे. बाबा उठून आले, रेषेकडे पाहिलं आणि पायाच्या अंगठ्याने तिचा कोपरा पुसून टाकला. "इथं नाई. इथं सोडलं तं वरचा दाब जाईन कुठी? अर्धा फूट इकडं घे." मी मुकाट्याने नवी रेषा मारली. तोपर्यंत माझी रेषा पुसायची कुणाची हिंमत झाली नव्हती. ते बरोबर होते, हे तिसऱ्या थरालाच कळलं. एका वळणावर पोतं अडलं, चौघांना फिरेना. बाबांनी नुसता तळहात टेकवला, खांदा लावला, आणि ते जागच्या जागी फिरून बसलं.

आठवा थर चढवताना पायरी म्हणून दोन पोती खाली ठेवली होती. किशन तिच्यावर उभा राहून दम खात होता. शालिग्रामभाऊ आतल्या मोकळ्या चौकोनात उभे राहिले, हात पसरून दोन्ही बाजू पाहिल्या आणि म्हणाले, "मधात जागा सोडून थप्पी उभी राह्यते, हे मी पयल्यानंच पाह्यलं. कोनाकून शिकले?"

"शिकवते कोन?" बाबा म्हणाले. "पोरगी येऊन बसे दुपारची, उन्हाची. तिच्यापुरतं सोडो. अडत्या मोठ्यानं ओरडे, जागा वाया घालवतं म्हने. मी म्हनो, पडली थप्पी तं माझ्या आंगावर."

मी पोत्याचा कोपरा धरून उभी होते, दुसरा कोपरा निकिताच्या हातात. मला इतकी वर्षं वाटत होतं की ती फट असायचीच. भिंतीला खिडकी असते तशी थप्पीला फट असते, आणि मी तिथे आपली शिरले, हुशार होते म्हणून. रोज नवा माल यायचा, रोज थप्पी मोडायची आणि रोज नवी लागायची, आणि तरी फट रोज होती, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. माझी फट माझ्याबरोबर वाढत गेली होती, पाचवीत पाचवीएवढी आणि दहावीत दहावीएवढी. मला रडू आलं. ते मी घामात खपवलं.

साडेतीनला मी भिंतीवरची कडी काढली आणि फळी खाली घेतली. बिजागऱ्या वाजल्या नाहीत. एका बाजूला भिंत आणि टेबल, तीन बाजूंना पोती, डोक्याच्या वर हातभर चढलेली, आणि कोपऱ्यात एका माणसाला तिरपं होऊन आत जाण्यापुरती वाट. निकिता आत जाऊन बसली आणि लगेच म्हणाली, "ताई, टीवीचा आवाज गेला." मधल्या खोलीतली मालिका, बाहेरचं किशनचं मोठ्याने बोलणं, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, पोत्यांनी सगळं अंगावर घेतलं होतं. असं गाळलेलं, मऊ शांतपण मी आवाज अडवणाऱ्या कुठल्याही महागड्या पॅनेलने आणू शकले नसते. चार वाजता कंपनीच्या साहेबाचा चेहरा पडद्यावर आला. त्याने लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवायला लावला. मागे काय आहे, त्याने विचारलं. "भिंत हाय, सर," निकिता म्हणाली, आणि मग सावरून, "भिंत आहे." त्याने थोडा वेळ ऐकलं. आधीपेक्षा शांत आहे म्हणाला, इथूनच चालू ठेवा म्हणाला, आणि गेला. तीन मिनिटंही लागली नाहीत. विजयमालाबाई चहा टाकायला उठल्या. शालिग्रामभाऊंनी थप्पीच्या मागे पुन्हा एकदा हात घालून पाहिला आणि कुणी न विचारता म्हणाले, "राहू दे. भाव आला तरी घाई नाई करत."

मी उंबऱ्यात बसून निकिताचा जुना फॉर्म काढला. लांबी, रुंदी, उंची यांच्या पुढे पेनाने एक रकाना वाढवला आणि त्यावर लिहिलं, महिना. जून: भिंतीचं टेबल, खोली मोकळी. ऑक्टोबर: तेच टेबल, आठ थर, वाट कोपऱ्यातून. पुढे काम कुणी केलं ते लिहायची ओळ असते. तिथे नेहमी माझं नाव असतं. मी लिहिलं, देवमन, आणि त्याच्यासमोर, हमाल, सुवाच्य अक्षरात. मला बरं वाटलं. उद्या रूपाताईंना विचारायचं होतं की उन्हाळ्यात त्यांच्या खोलीत कूलर कुठे येतो.

बाबा बाहेर नळावर हातपाय धुऊन आले. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता. निघण्याआधी थप्पी पाहून घ्यायची त्यांची सवय असावी. त्यांनी तिला एका बाजूने हात लावला, दुसऱ्या बाजूने पाठ टेकवून सगळा भार दिला, ती हलली नाही. मग ते कोपऱ्यातल्या वाटेशी गेले, कमरेवर हात ठेवून तिरपे झाले आणि आत डोकावले. निकिता कामाला लागली होती. त्यांनी टेबलाखाली पाहिलं आणि हळू आवाजात, तिचं काम मोडू नये अशा बेताने विचारलं, "पाय लांबतात का वं?"

माझ्या हातात फॉर्म होता. पहिली ओळ वर होती, छापलेली.

निकिताने फळीखाली पाय पसरले आणि पडद्यावरून नजर न काढता मान हलवली. उंबऱ्यात बसल्या बसल्या मीही हलवली.